गोधडीच्या मावशींना काय द्यायचे?

सोलापूरच्या एका महिला मंडळात सध्या एक वाद रंगला आहे. मोहोळ तालुक्यातील एका मावशींना गोधडी शिकवण्यासाठी एक दिवस बोलवावे, अशी सूचना आली आणि ती सर्वांना आवडली. मावशींनी दिवसाचे ३,००० रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च सांगितल्यावर मात्र उत्साह ओसरला. एका गटाचे म्हणणे असे की, गोधडी ही तर आपल्या आज्यांनी शिवलेली गोष्ट, तिला कसली आली फी. शाल, श्रीफळ, एक साडी आणि दुपारचे जेवण देऊन मावशींचा सत्कार करावा. दुसरा गट पैसे द्यायला तयार आहे, पण त्याला आकडा जास्त वाटतो. प्रवासखर्चाच्या बाबतीत तर एका ताईंनी असा मुद्दा काढला की, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धेच तिकीट आहे, मग तो खर्च वेगळा कशाला धरायचा? माझी वहिनी या मंडळाची चिटणीस आहे. मी इकडे अमेरिकेतल्या ओहायोत एका क्विल्ट गिल्डच्या कार्यक्रम समितीवर असल्यामुळे तिने माझे मत विचारले. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहून काढते आहे.

क्विल्ट म्हणजे इकडची गोधडीच, आणि गिल्ड म्हणजे ती शिवणाऱ्यांचे मंडळ. वार्षिक वर्गणी, महिन्याची सभा, बहुधा चर्चचा एखादा हॉल, आणि सभासदांत निवृत्त बायकांचा भरणा. वर्षातून काही वेळा बाहेरगावच्या शिक्षिकेला बोलावले जाते. पहिल्या संध्याकाळी तिचे व्याख्यान होते. त्यात ती स्वतःची क्विल्ट्स एकेक करून दाखवते आणि पांढरे हातमोजे घातलेल्या दोन सभासद ती दोन्ही टोकांनी उंच धरून उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी मर्यादित सभासदांसाठी पूर्ण दिवसाची कार्यशाळा असते. गावोगाव फिरून हेच काम करणाऱ्या आणि त्यावर घर चालवणाऱ्या शिक्षिका या देशात पुष्कळ आहेत. चांगल्या शिक्षिकेची तारीख वर्ष-दीड वर्ष आधी धरावी लागते.

ही तारीख धरताना दोन्ही बाजूंनी सही होणारा जो करार असतो, तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो जरा अतीच वाटला होता. व्याख्यानाचे वेगळे मानधन, कार्यशाळेचे वेगळे. पूर्ण दिवसाचे असेल तर काही शे डॉलर. शिक्षिका स्वतःच्या गाडीने येणार असेल तर मैलामागे किती, हेही लिहिलेले असते, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी आयकर खात्याने व्यावसायिक प्रवासासाठी ठरवलेला दर धरतात. २०२५ साली तो मैलाला ७० सेंट होता. मुक्काम हॉटेलात की सभासदाच्या घरी, आणि घरी असेल तर तिथे मांजर आहे का, हेसुद्धा विचारलेले असते. वर्गात जास्तीत जास्त किती जणी, साहित्याची यादी किती आठवडे आधी पाठवायची, शिक्षिका स्वतः जे कापड-नमुन्यांचे पाकीट आणणार त्याचे पैसे कोणी द्यायचे, कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे सगळे त्यात असते. इस्त्र्यांसाठी विजेच्या वेगवेगळ्या जोडण्या असाव्यात, असेही एक कलम असते. ते वाचून हसू येते, पण एकाच जोडणीवर तीन इस्त्र्या लावल्या की हॉलची वीज जाते, आणि मग पाऊण तास सगळा वर्ग हात बांधून बसतो.

या करारातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, शिक्षिकेचे मानधन ठरलेले असते. वीस जणी आल्या काय किंवा अकरा आल्या काय, ते बदलत नाही. वर्ग भरण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यांची असते. जागा रिकाम्या राहतील असे दिसले तर गिल्ड शेजारच्या गावातील गिल्डला कळवते, बिगरसभासदांना थोड्या जास्त शुल्कात घेते, नाहीतर तूट स्वतःच्या निधीतून भरते. विमानाचे भाडे परवडत नसेल तर एकाच भागातील तीन-चार गिल्ड मिळून शिक्षिकेला एकाच फेरीत बोलावतात आणि भाडे वाटून घेतात.

अमेरिकेत कलेची कदर जास्त म्हणून हे घडते, असा निष्कर्ष माझ्या वहिनीने लगेच काढला. तो मला मान्य नाही. इकडेही क्विल्ट ही पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांनी फुकट केलेली गोष्ट होती. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुनी क्विल्ट्स चित्रांसारखी भिंतीवर टांगली, १९७६ साली देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीत जुन्या हस्तकलांची हौस वाढली, आणि त्यानंतरच्या काळात हा छंद आणि त्याभोवतीचा बाजार दोन्ही फोफावले. तरीही सर्वांना न्याय मिळाला असे नाही. अलाबामातील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यातील बायकांची, जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली क्विल्ट्स २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांत गाजली, टपाल तिकिटांवर आली; आणि २००७ साली त्यांच्यापैकी काही जणींना आपल्या वाट्याच्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले. तेव्हा इकडच्या लोकांच्या मनाचा मोठेपणा वगैरे बाजूला ठेवू. इकडच्या शिक्षिकांना मिळते ते कागदावर आधी लिहून ठेवल्यामुळे मिळते.

आता सोलापूरकडे पाहू. कामाचा दर ठरवणे आपल्या गावाला नवीन नाही. हजार विड्यांमागे किती, चादरीच्या नगामागे किती, हे पूर्व भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, आणि मजुरीवरून संप केलेल्या गिरणी कामगारांची नातवंडे आज या मंडळात आहेत. शिकवण्याचे पैसे देणेही नवीन नाही. याच मंडळाने आरी वर्कचा वर्ग ठेवला होता, केकचा ठेवला होता, आणि दोन्ही वेळी माणशी शुल्क कुरकुर न करता भरले गेले. हिवाळ्यात हुरड्याला जाताना माणशी किती जातात, ते कोणी मोजत नाही. मावशींचे ३,००० रुपये पंचवीस जणींत वाटले तर माणशी १२० होतात. म्हणजे अडचण पैशांची नसून, जे आपल्या घरात फुकट होत होते ते दुसऱ्या बाईकडून विकत घ्यायचे, याची आहे. त्यातही केक शिकवणारी शहरातली आणि ॲप्रन घालून येणारी, तर गोधडी शिकवणारी खेड्यातली, हा फरक मनातल्या मनात काम करत असणार, असा मला संशय आहे. मंडळातील मैत्रिणींना हे लागेल, पण मला तसेच वाटते.

सत्काराच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. गोधडी ही गल्लीत, ओट्यावर, एकमेकींच्या हाताखाली शिकण्याची गोष्ट होती. तिथे पैसा आला की ती मोकळीक जाते, असे एका वयस्कर सभासदांनी म्हटले. त्यात तथ्य आहे, आणि शेजारच्या काकूंनी दुपारी दोन टाके दाखवले तर त्यांच्या हातात नोट ठेवणे मलाही ओशाळवाणे वाटेल. पण मोहोळच्या मावशी शेजारी नाहीत. त्या मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात, म्हणजे एक दिवस सोलापुरात घालवला तर तेवढे काम मागे पडते. आदल्या दिवशी नमुने तयार करावे लागतात, ते गाठोडे घेऊन एसटीत चढावे लागते, आणि शहरातल्या पंचवीस जणींपुढे दिवसभर बोलावे लागते. अर्धे तिकीट ही सरकारने त्यांना दिलेली सवलत आहे, मंडळाला दिलेली नाही. शिवाय स्टँडपासून हॉलपर्यंत गाठोड्यासह रिक्षाच करावी लागणार, आणि रिक्षाला अर्धे भाडे नसते.

इकडचा सहा पानी करार मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. तो इंग्रजी वकिली भाषेतला कागद पाहून मावशी मुळात येणारच नाहीत. आगाऊ ठरवून बोलावण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. गावोगावचे पंच यात्रेसाठी तमाशा ठरवायला गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावला जातात, तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्यांमध्ये बसून तारीख आणि रक्कम पक्की करतात आणि विसार देऊन उठतात. कार्यक्रम झाल्यावर खूश होऊन काय द्यायचे ते देऊ, असे तिथे कोणी म्हणत नाही.

मंडळाने एका पानावर, मराठीत, पाच-सहा गोष्टी लिहाव्यात आणि दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. रक्कम ३,००० रुपये, त्यातले १,००० आधी मोबाइलवरून पाठवायचे, उरलेले त्याच दिवशी निघण्यापूर्वी. चिटणीस गावाला गेल्या म्हणून आठवडाभराने नव्हे. प्रवास घरापासून हॉलपर्यंतचा, रिक्षासह. कार्यक्रमाला आठ दिवसांहून कमी उरले असताना मंडळाने तो रद्द केला तर आगाऊ रक्कम मावशींचीच. वीसपेक्षा जास्त जणी नकोत, कारण टाका हातात हात घेऊन दाखवावा लागतो. तसे केल्याने माणशी १२० ऐवजी १५० होतील, ते होऊ द्यावेत.

कापडाचे आधी ठरवणे तर फारच गरजेचे आहे. सगळ्या जणी घरातल्या जुन्या सिंथेटिक साड्या घेऊन येतील. थर एकमेकांवरून सरकतील आणि धावदोरा वाकडा जाईल. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांची चिंधी स्वस्त मिळते, पण ते टेरिकॉटचे जाड कापड, नवशिकीच्या हाताला त्यातून सुई ओढवत नाही. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे, धोतर किंवा चादर कोणी किती आणायची, हे मावशींनाच विचारून आठ दिवस आधी कळवले पाहिजे. एका दिवसात अंगावर घ्यायची गोधडी होत नाही हेही आधी सांगावे, नाहीतर संध्याकाळी तक्रार ठरलेली. बाळाचे दुपटे घ्यावे, कडेने टाके घालत आत यावे, निम्मे वर्गात आणि निम्मे घरी.

शेवटचे कलम व्हिडिओचे, आणि इथे मी इकडच्या गिल्डइतकीच कडक आहे. इकडच्या अनेक शिक्षिका वर्गाचे चित्रीकरण करू देत नाहीत. आपल्याकडे पहिल्या टाक्यापासून दहा मोबाइल वर होतील आणि रात्रीपर्यंत मावशींचा सगळा वर्ग यूट्यूबवर दुसरीच्याच नावाने दिसेल. फोटो काढावेत, शिकवण्याचे चित्रीकरण मावशींनी होकार दिला तरच, आणि त्यांच्या नावानिशी.

रकमेवर अजूनही एकमत होत नसेल तर ती कमी करण्यापेक्षा वाटून घ्यावी. मोहोळ हे सोलापूर आणि पंढरपूर यांच्या मध्ये आहे. मावशींना एकाच आठवड्यात दोन्हीकडे वर्ग मिळाले तर नमुन्यांची तयारी एकदाच करावी लागेल, आणि मग रकमेबद्दल त्यांच्याशीच बोलता येईल. पंढरपुरातल्या एका शाळामैत्रिणीच्या मंडळाकडे मी विचारणा केली आहे. त्यांना आषाढीची गर्दी ओसरल्यानंतरची तारीख हवी आहे, आणि मानधनाचा आकडा त्यांना जास्त वाटलेला नाही. फक्त जेवणात मावशींना काय चालते, एवढे त्यांनी विचारले आहे.