बालीत लग्न आणि माझ्या डोक्याला ताप

ताईचं लग्न बालीत ठरल्यापासून मी बहीण कमी न् ट्रॅव्हल एजंट जास्त झालेय. रोज सकाळी ग्रुपवर तेच, "अगं पासपोर्ट आहे की माझा!" अहो काका, आहे, पण चार महिन्यांत संपतोय, तिकडे उतरताना सहा महिने शिल्लक लागतात, कितीदा सांगू?? व्हिसाला ५ लाख रुपिया ऐकून आत्याला घेरीच आली, अगं त्यांचे रुपिया ते, आपले तीनेक हजार! आणि गुरुजींनी पुण्याच्या पंचांगावरून १२:१० चा मुहूर्त काढलाय, बाली आपल्या अडीच तास पुढे, आता म्हणतात परत बघतो, इकडे पत्रिका छापून तयार. काल रात्री साडेअकराला मामीचा फोन, तिथे साधा वरणभात मिळेल ना गं?