‘फोटो परक्या सर्व्हरवरून जातात’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. साताऱ्याच्या स्टुडिओतून पुण्याच्या एडिटिंग ऑफिसात फोटो थेट जातील असे आम्ही सांगितले होते. प्रत्यक्षात स्क्रीनवर ‘रिले’ दिसते, एका लग्नाच्या फाइली पोहोचायला अख्खी रात्र पुरत नाही, आणि ग्राहकांचे खासगी फोटो कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर साठत आहेत, असे आपले म्हणणे आहे. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांची जबाबदारी आमची आहे. तिसरी तशी नाही, आणि आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या कुटुंबांचा त्यात संबंध असल्यामुळे ती आधी घेतो.

आपल्याकडे बसवलेल्या सिंकथिंगमध्ये, म्हणजे दोन संगणकांवरचे फोल्डर सारखे ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइली फक्त आपल्याच दोन संगणकांवर राहतात. त्यांची एकमेकांशी थेट गाठ पडली नाही, तर दोघेही बाहेरच्या एका रिले सर्व्हरशी जोडले जातात आणि तो एकाकडून आलेला डेटा, साठवून न ठेवता, दुसऱ्याकडे सरकवतो. हे रिले जगभरचे स्वयंसेवक चालवतात, म्हणून आपल्याला परदेशातला पत्ता दिसला. डेटाला कुलूप मात्र साताऱ्यात लागते आणि ते पुण्यातच उघडते. बसवणीच्या दिवशी आपण मला फोनवर सात-सात अक्षरांचे आठ गट वाचून दाखवले होते आणि एक अक्षर चुकल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले होते, ते आठवत असेल. ती त्या संगणकाच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तयार होणारी ओळख आहे, आणि दोन्ही बाजू ती पडताळल्याशिवाय एकही फाइल देत नाहीत. त्यामुळे मधल्या रिलेला पुण्याचा संगणक असल्याचे सोंग घेता येत नाही. रिलेला काहीच कळत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दोन्हीकडचे आयपी (इंटरनेटवरचे) पत्ते, डेटा किती गेला आणि कधी गेला, एवढे त्याला दिसते. फोटो आणि फाइलींची नावे दिसत नाहीत.

आता वेगाविषयी. आपल्या साताऱ्याच्या राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता 100.72 ने सुरू होतो. 100.64 ते 100.127 ही मालिका 2012 साली अशाच वापरासाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही4 या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीतले सुमारे 429 कोटी पत्ते जगाला पुरेनासे झाल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. तिथून बाहेर जाता येते, पण बाहेरून कुणाला नेमके आपल्या दारी येता येत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि दोन बाजूंपैकी एक दार उघडे असले तरी पुरते, म्हणून आम्ही पुण्याच्या राउटरवर 22000 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सिंकथिंगचे आत येण्याचे दार, एडिटिंगच्या संगणकाकडे वळवून ठेवला होता. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या इंटरनेट कंपनीने राउटर बदलला आणि जुन्या राउटरबरोबर ती सेटिंगही गेली. सिंकथिंग बंद पडले नाही, त्याने गुपचूप रिलेचा रस्ता धरला. काम थांबू नये म्हणूनच ती सोय आहे, पण त्यामुळेच बिघाड कुणाच्या लक्षात आला नाही. राउटर बदलल्यास आम्हाला कळवा, एवढी एक ओळ आम्ही बसवणीच्या कागदावर लिहायला हवी होती. ती लिहिली नाही, ही आमची चूक.

आमच्याकडच्या मुलाने आपल्याला फोनवर साताऱ्यासाठी महिन्याच्या भाड्याने स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घ्यायला सांगितले, हेही चुकीचे होते. त्याची गरज नाही. कृपया घेऊ नका. ‘पैसे काढायचा डाव’ हे आपले शब्द मला लागले, पण तो सल्ला ऐकून कुणालाही तसेच वाटले असते.

आपल्या एडिटरच्या परवानगीने काल संध्याकाळी पुण्याची सेटिंग पुन्हा केली. थोड्याच वेळात जोडणीच्या प्रकारापुढचे ‘रिले वॅन’ जाऊन ‘टीसीपी वॅन’, म्हणजे थेट जोडणी, आले. रिलेवरून सेकंदाला जेमतेम 1 एमबी जात होते, म्हणजे 40 जीबीच्या लग्नाला अकरा तास. काल तेवढाच फोल्डर सुमारे सव्वा तासात पोहोचला. या कामाचे पैसे नाहीत, आणि गेल्या दोन महिन्यांचे देखभाल शुल्क परत करत आहोत.

एक निर्णय आपला आहे. रिले कायमचा बंद करता येतो. मग डेटा बाहेरच्या कुठल्याही रिले सर्व्हरवरून जाणार नाही, पण थेट जोडणी तुटली की फाइली जाणेही थांबेल. माझे मत रिले चालू ठेवावा आणि दर सोमवारी आम्ही जोडणीचा प्रकार पाहून आपल्याला कळवावे असे आहे. तरी एखाद्या कुटुंबाने फोटो बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरवरून जाऊ नयेत अशी अट घातली असेल, तर तेवढे कळवा, त्याच दिवशी रिले बंद करून देतो.