आधी पाणी, संडास आणि कामाच्या पाळ्या बघा. योगदिनाचे टी-शर्ट नंतर

मार्चच्या आसपास कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं आणि त्यात ‘कर्मचारी आरोग्य उपक्रम’ म्हणून एक रक्कम टाकली जाते. मग २१ जूनला योग, पावलं मोजायचं ॲप, एका डॉक्टरांचं व्याख्यान आणि एखाद्या लॅबचं ‘पासष्ट चाचण्यांचं’ पॅकेज. शिरोली, सातपूर, चाकण, कुठल्याही एमआयडीसीतला दीड-दोनशे माणसांचा कारखाना घ्या. तिथे या क्रमाने खर्च केला तर पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला आधार आहे. अमेरिकेत बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणी, सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर असा कार्यक्रम तपासला गेला आणि निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जिथे कार्यक्रम राबवला तिथले लोक ‘आम्ही जास्त व्यायाम करतो’ असं सांगत होते. पण १८ महिन्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा, औषधोपचाराचा खर्च, कशातच ठोस फरक नव्हता. दुसरीकडे आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्या कामगारांना जवळचं दिसण्यासाठी साधे चष्मे दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चष्मा मिळालेल्यांची तोडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. आपल्याकडे मापाचे गेज वाचणारे, जॉब म्हणजे यंत्रावर घडवलेले भाग तपासणारे, शिलाई मारणारे किती जण चाळिशी ओलांडलेले आहेत, बघा. त्यांची जवळची नजर शेवटची कधी तपासली होती?

म्हणून सुरुवात कामापासून करा. गेल्या बारा महिन्यांचं हजेरीपुस्तक आणि प्रथमोपचाराची वही काढा. खाडे विभागवार आणि पाळीवार मांडा. कोणाला काय आजार आहे हे अजिबात विचारू नका. खाडे कुठे साठलेत एवढंच बघा. मग तिसऱ्या पाळीत, रात्री दोन ते चारमध्ये, सगळ्या शॉपमधून, म्हणजे कामाच्या विभागांतून, एक फेरी मारा. दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात: बंद पडलेला कूलर, कुलूप लावलेला संडास, कॅन्टीनचं उतरवलेलं शटर.

पाण्याचा हिशोब अंदाजाने करू नका. भट्टीजवळ काम करणाऱ्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिली पाणी लागतं. तासाला पाऊण लिटर धरलं तरी ओतकामावरच्या दहा जणांना सहा तासांत ४५ लिटर. वीस लिटरचे दोन जार पुरत नाहीत, तीन लागतात. आणि ते हाताशी हवेत, कारण बदली माणूस आल्याशिवाय भट्टी सोडून कोणी कूलरपर्यंत जात नाही. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच, सहसा एका लिटरमध्ये, कालवायचं. बादलीत अंदाजाने चार पाकिटं फोडणं चूक आहे. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. उन्हाळ्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभं करू नका: पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा वेळ, मग रोज तेवढाच वाढवत न्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दिवस लागतात आणि नवखा माणूस कोसळतो तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच.

संडासाबद्दल लोक बोलायला कचरतात. पण बायका कामाच्या वेळेत पाणी पीत नाहीत याचं कारण बहुतेक ठिकाणी हेच असतं, आणि मग लघवीच्या जंतुसंसर्गाने खाडे होतात. पंचवीस बायकांमागे एक संडास हे किमान प्रमाण. आतून लागणारी कडी, दिवा, पाणी, झाकणाची कचरापेटी आणि दिवसातून किमान तीनदा सफाई हवी. किल्ली सुपरवायझरकडे ठेवायची पद्धत आजच्या आज बंद करा. माणसाला लघवीला जायला परवानगी मागावी लागत असेल तर त्या जागी आरोग्याचं पोस्टर लावू नये.

पाळ्या फिरवायच्या तर पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढच्या दिशेने फिरवा. शरीराला उशिरा झोपायची सवय लवकर होते, लवकर उठायची उशिरा. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास सुटावेत. आणि ‘डबल’, म्हणजे सलग दोन पाळ्या, कोण करतंय ते दर आठवड्याला बघा. एकाच माणसाचं नाव वारंवार येत असेल तर अपघात तिथेच होणार आहे.

आता आरोग्य तपासणी. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पासष्ट चाचण्या नकोत. सगळ्यांसाठी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कमरेचा घेर, दूरची आणि जवळची नजर. त्यापुढे कामाप्रमाणे: फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) आणि प्रेसवाल्यांची श्रवणचाचणी, मोल्डिंग (साचे बनवणं) आणि वाळूत काम करणाऱ्यांची फुफ्फुसाची फुंकचाचणी आणि छातीचा एक्स-रे, कारण वाळूच्या बारीक धुळीने फुफ्फुसाला होणारा सिलिकॉसिस एकदा झाला की मागे फिरत नाही. श्रवणचाचणीआधी किमान चौदा तास गोंगाटापासून दूर राहिलेलं असावं लागतं. म्हणून ती साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी घ्या. भर पाळीत घेतली तर थकलेला कान मोजला जातो. रात्रपाळीवाल्यांना ‘उपाशी या’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी घ्या, त्याला उपास लागत नाही. मात्र अंगात लोह कमी असेल तर तो आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत हवंच.

रक्तदाब कॅन्टीनच्या गोंधळात, रांगेत उभं करून मोजतात आणि निम्म्या शॉपला ‘बीपी’ निघतं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, हात हृदयाच्या उंचीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या. घाई न करता एका यंत्रावर तासाला दहा-बारा जणच होतात. शिबिराची वेळ तशी ठरवा. १४०/९० एकदा आलं म्हणजे आजार ठरला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पण १८०/१२० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि पुढे काय? बहुतेक कार्यक्रम इथेच मरतात. बंद पाकिटात रिपोर्ट मिळतो, तो डब्याच्या पिशवीत जातो आणि संपलं. शिबिराची तारीख ठरण्याआधी ठरवा की फोन कोण करणार, दोन आठवड्यांनी फेरतपासणी कुठे होणार आणि दवाखान्यात जायला अर्धा दिवस पगारी मिळणार की नाही. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत वेतनाच्या ४ टक्के भरले जातात, त्यातले पाऊण टक्का कामगाराचे. तरी माणूस दवाखान्यात जात नाही, कारण रोज बुडतो, किंवा कंत्राटदाराने त्याचं ईएसआयचं ओळखपत्र, ई-पहचान कार्डच काढलेलं नसतं, किंवा कुटुंबाची नावं जोडलेली नसतात. एक माणूस आठवड्याचे दोन तास फक्त हे कागद करायला बसवा. माझ्या मते कुठल्याही ॲपपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

निकाल फक्त कामगार आणि डॉक्टरांकडे. व्यवस्थापनाला विभागवार बेरीज, आणि विभागात दहाहून कमी माणसं असतील तर तीही नाही. क्रेन चालवणाऱ्यासारख्या कामात डॉक्टर ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘अमुक मर्यादेत पात्र’ एवढंच लिहितील, आजाराचं नाव नाही. संमतीचा कागद मराठी आणि हिंदीत हवा. साखर निघाली म्हणून कंत्राटी माणसाला कमी केलं, अशी एक बातमी शॉपमध्ये फिरली की पुढच्या वर्षी तपासणीला कोणी येत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

तंबाखूविरोधी व्याख्यानाआधी तिसऱ्या पाळीला दोन वाजता गरम खायला द्या. झोप आणि भूक मारायलाच तर तंबाखू-चुना लागतो. सोडायची इच्छा असलेल्यांना निकोटिन गम देणार असाल तर वापर शिकवा: थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचं. च्युइंगमसारखं चघळलं की उचकी आणि पोटदुखी होते आणि माणूस दोन दिवसांत टाकून देतो. मोफत मदतीचा क्रमांक १८००-११-२३५६.

मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक नोटीस बोर्डावर नको, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे तो कोणी न बघता टिपून घेता येतो. एचआरच्या माणसाला समुपदेशक करू नका. आणि शिवीगाळ करणारा सुपरवायझर तसाच ठेवून समुपदेशन सुरू करणार असाल तर कृपया करू नका.

समिती सहा जणांची पुरे: निम्मे शॉपवरचे, त्यात एक तरी बाई, एक कंत्राटी आणि तिसऱ्या पाळीचा एक. बैठक महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत नाही, कामाच्या वेळेत. ज्याच्या सहीने कूलर दुरुस्त होतो तो माणूस तिथे बसलेला हवा.

मोजताना योगाला किती आले ते मोजू नका. ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यातल्या किती जणांचा सहा महिन्यांनी आटोक्यात आहे, चष्मा लागणाऱ्या किती जणांना तो प्रत्यक्ष मिळाला, तिसऱ्या पाळीचे खाडे किती, हे मोजा. आणि मे महिन्याची तुलना जूनशी नको, गेल्या वर्षीच्या मेशी करा. लग्नसराई, पेरणी आणि गणपतीत खाडे वाढतातच, त्याचा कार्यक्रमाशी संबंध नसतो.