अपोलो ८ मधील दहा वचने आणि आपली वेगवेगळी बाके

इंदुरात मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत, आणि त्या मोजक्या घरांतही पंथांच्या भिंती उभ्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझी मावशी लग्न होऊन आमच्या प्रोटेस्टंट घरातून कॅथलिक घरात गेली. नाताळात ती आमच्या उपासनेला येते आणि आमच्याइतक्याच जिव्हाळ्याने गीते म्हणते, पण प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची वेळ आली की बाकावरच बसून राहते. तिच्याकडे मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला गेल्यावर तसेच बसून राहण्याची पाळी आमची असते.

अशा वेळी मला २४ डिसेंबर १९६८ आठवतो. त्या दिवशी चंद्राला प्रदक्षिणा घालणाऱ्या अपोलो ८ या अमेरिकी यानातून बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पहिली दहा वचने साऱ्या पृथ्वीला ऐकू आली. अंतराळवीर विल्यम अँडर्स यांनी पहिली चार, जेम्स लव्हेल यांनी पुढची चार आणि फ्रँक बोरमन यांनी उरलेली दोन वाचली. भाषांतर किंग जेम्सचे, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतले होते, आणि वाचनाला आरंभ करणारे अँडर्स कॅथलिक होते. बोरमन तर एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चचे.

अंतराळात गेल्यावर पंथभेद विरून जातात, असे मात्र मी म्हणणार नाही. २० जुलै १९६९ रोजी बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर उतरलेल्या यानात भाकर आणि द्राक्षारस घेतला, तो आपल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीशी नाते राखून. अपोलो ८ मधील वाचनाला आक्षेप घेतला गेला होता, म्हणून हा विधी प्रसारित झाला नाही. ऐकणाऱ्यांना त्यांनी आपापल्या रीतीने आभार मानण्याची विनंती केली. पुढे १९९४ मध्ये एंडेव्हर यानात तीन कॅथलिक अंतराळवीरांनी आपसांत ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, स्वीकारले. भोजनाचे मेज तिथेही वेगळेच राहिले, आणि त्यामागच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण वचन एकत्र वाचायला आणि आभार एकत्र मानायला कोणता धर्मसिद्धांत आड येतो?

ऐक्य अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी नागपूर आठवावे. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. आणि केरळातील थुंबाही आठवावे. भारतीय अंतराळ संशोधनाचे प्रणेते विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी विचारले, तेव्हा तिथल्या कोळी बांधवांच्या मंडळीने सेंट मेरी मॅग्डलीनचे आपले चर्च अग्निबाण केंद्रासाठी सोडले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. ती मंडळी कॅथलिक होती, आणि कदाचित म्हणूनच माझ्या लहानपणी आमच्या घरात कोणी ही गोष्ट सांगितली नाही. मला ती पन्नाशीत कळली.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. येत्या जानेवारीत त्यातल्या एका संध्याकाळी आमच्या घरी तीच दहा वचने मराठीतून वाचायची ठरली आहेत. पहिली चार मावशी वाचणार आहे.