गाव पुसून काढण्याची रीतसर पद्धत

'द सिम्स ३' या संगणकावरच्या संसार-खेळातल्या तुमच्या सनसेट व्हॅली गावात काहीतरी बिघडलंय. नाही म्हणू नका, चेहऱ्यावर दिसतंय. पूर्वी खेळ सेव्ह व्हायला अर्धं मिनिट लागायचं, आता तेवढ्यात तुमचा चहा होऊन कप विसळूनही होतो. सिम्स मंडळी, म्हणजे खेळातली माणसं, रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवतात. त्यांची सिम्लिश भाषा आपल्याला कळत नाही, पण सूर शिव्यांचाच आहे एवढं कळतं. अशा वेळी हळवी माणसं कारण शोधायला बसतात. तुम्ही तसले नाही. तुम्ही धडाडीचे. तुम्ही रीसेट करणार, म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून मांडणार.

करा. 'द सिम्स ३' बाजारात आला २००९ साली, मी त्याच्या पुढच्या वर्षापासून खेळतोय आणि आजवर बारा गावं पुसली आहेत. त्यातल्या एकाही गावाला नेमकं काय झालं होतं हे मला सांगता येणार नाही. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझाच.

पहिली खबरदारी म्हणजे किरकोळ उपायांनी गाव बरं होऊ द्यायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही बटणं एकदम दाबली की वरच्या बाजूला एक पट्टी उघडते. तिच्यात 'रीसेटसिम' लिहून पुढे त्या माणसाचं नाव-आडनाव टाकलं, की भिंतीत, जिन्यात, कुठेही रुतलेला सिम उचलून घरी आणून ठेवला जातो. नावाच्या जागी नुसती चांदणी टाकली तर अख्खं गाव एका दमात घरी. पण हा उपाय दहा सेकंदांत संपतो, हाच त्याचा दोष. दहा सेकंदांत बरा झालेला आजार चारचौघांत सांगता तरी येतो का?

दुसरा धोका कॅश फायलींचा. (पैशांची कॅश नव्हे. ती या खेळाने केव्हाच संपवलेली असते.) डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स ३, आणि तिथे नावाच्या शेपटीला 'कॅश' लावलेल्या पाच फायली. हे खेळाचं उष्टं-खरकटं. काढून टाकलं तर पुढच्या वेळी खेळ नव्या फायली स्वतःच बनवून घेतो आणि तुमच्या माणसांच्या केसालाही धक्का लागत नाही. पुष्कळदा तेवढ्यानेच गाव हलकं होतं. म्हणून तिकडे बघायचंच नाही.

सेव्ह करताना 'एरर कोड १२' झळकला तर त्याचा अर्थ विचारत बसू नका. अर्थ एवढाच, की हा मूळचा ३२ बिटांचा खेळ. संगणकात तुम्ही ३२ जीबी मेमरी कोंबलीत तरी तो ४ जीबीच्या पलीकडे हात घालू शकत नाही. हट्ट मात्र असा, की मध्ये कुठेही लोडिंगचा पडदा न टाकता सबंध गाव एकाच वेळी नांदतं ठेवायचं. तुम्ही इकडे वॅफल करपवत असता, तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला तुम्हाला न विचारता कोणाचं तरी लग्न लागतं, कोणाला पोर होतं, कोणी बिऱ्हाड उचलून गाव सोडतं. पिढ्या वाढतात, प्रत्येकाच्या खिशातलं सामान वाढतं, आणि एके दिवशी हे सगळं एकदम कागदावर उतरवायला खेळाला जागाच उरत नाही. जाणती माणसं अशा वेळी 'सेव्ह'ऐवजी 'सेव्ह ॲज' करतात, दर खेपेला नवं नाव देतात, मागच्या दोन-तीन प्रती शाबूत ठेवतात. तुम्ही आपली एकच प्रत ठेवा आणि पाटीवर गिरवतात तशी तिच्यावरच गिरवत राहा.

सेव्हज नावाच्या फोल्डरात तुमच्या गावाला लागूनच त्याच नावाचं आणि शेवटी 'बॅकअप' लिहिलेलं एक फोल्डर असतं. ती मागच्या सेव्हची प्रत. नावातली ती शेपटी काढली की आधीचं गाव पुन्हा उघडता येतं. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही असं समजा, नाहीतर लेखाचा पुढचा भाग वाचायचं कारणच उरणार नाही.

आता मुख्य कार्य. भित्री माणसं द सिम्स ३ चं ते फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवतात आणि मग खेळ सुरू करतात. जागेवर फोल्डर सापडलं नाही की खेळ हूं की चूं न करता नवं कोरं बनवतो. मग ही माणसं जुन्यातली एकेक वस्तू नव्यात आणून ठेवतात, दर वेळी खेळ चालवून बघतात, तांदूळ निवडल्यासारखी खडा शोधत बसतात. रविवार जातो त्यांचा. तुम्ही शिफ्ट दाबून डिलीट मारा. कचरापेटीलाही पत्ता लागता कामा नये.

मात्र त्याआधी पेन ड्राइव्ह लावा, कारण खरी कला इथे आहे. पुसण्यापूर्वी वाचवायचं काय? नवशिके म्हणतात, माणसं. चूक. वाचवायचे ते मॉड. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बनवलेल्या आणि आपण बाहेरून खेळात घातलेल्या त्या खुर्च्या, केसांचे अंबाडे, खिडक्या, पापण्या, स्वयंपाकघराच्या फरशा. माझ्याकडे अशा अकराशे फायली होत्या. काही जुन्या, काही दोनदा उतरवलेल्या, काहींची नावं नुसते आकडे. गाव बिघडलं की पहिला संशय यांच्यावरच घ्यायचा असतो, असं म्हणतात. घेणाऱ्यांनी घ्यावा. माणसं काय, पुन्हा होतील. पितळी कड्यांचा दरवाजा पुन्हा मिळेल?

त्या दरवाजाबद्दल सांगतो. सव्वा तास शोधून तो मिळाला होता. जुन्या लाकडाचा, वर कमान, खाली बुटकी दिंडी, अगदी वाड्याचा. त्या दरवाजामागे आमच्या पाच पिढ्या नांदल्या. मूळ पुरुष म्हणजे एक बाई, शकुंतलाबाई. खेळातलं साधारण ९० दिवसांचं आयुष्य भोगून त्या गेल्या, भूत झाल्या, रात्री फ्रीजपाशी फिरायला लागल्या. मग त्यांच्या पणतीला मी दहाव्या पायरीपर्यंत स्वयंपाक शिकवला, स्मशानातल्या तळ्यावर रात्री उभं करून डेथफिश पकडायला लावला, लाइफ फ्रूटचं झाड लावून घेतलं आणि ॲम्ब्रोशिया शिजवून शकुंतलाबाईंना परत माणसांत आणलं. दोन आठवडे गेले त्यात. माझे, खेळातले नव्हेत. बाई परत आल्या, एकदा अंगणात गेल्या आणि घरात शिरेनात. दारासमोर उभ्या. दोन्ही हात वर. मागे अंधार पडला, पेपरवाला येऊन गेला, आत पणती जेवली, पण बाई तिथेच, डोक्यावरचा, मनःस्थिती दाखवणारा हिरवा हिरा पिवळा होत चाललेला.

मी एका नजरेत निदान केलं की गाव सडलं. अकराशे फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, दोनदा मोजून घेतल्या, आणि शिफ्ट-डिलीट. सेव्हज वेगळं काढून ठेवायचं असतं हे जेवताना आठवलं. मेलेल्या बाईला परत आणण्याची पाककृती खेळात आहे, फोल्डरला परत आणण्याची नाही.

सेटिंगचंही थोडं सांगतो, फार नाही. त्याच फोल्डरात 'ऑप्शन्स' नावाची एक फाइल असते, ती गेली की पडद्याचा आकार, चित्राचा दर्जा, आवाज, सगळं खेळाच्या मर्जीवर. नंतर एक अख्खी संध्याकाळ ते पूर्ववत करण्यात जाते, आणि खेळलो नाही तरी काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे दुसरा भाग आहे, २००४ चा. उत्तम. त्यात तर रीसेट न करताही गाव घालवता येतं. जुन्या खेळाडूंचा दंडक आहे की मेलेल्याचं थडगं डिलीट करायचं नाही. माणूस जातो पण त्याचा धागा गावातल्या प्रत्येकाच्या आठवणीत अडकलेला असतो, तो ओढला की वीण हळूहळू उसवते. लगेच काही दिसत नाही, हा त्यातला मोठा फायदा. चौथा भाग, २०१४ चा, त्या मानाने बेचव. प्रत्येक सेव्हच्या मागच्या पाच प्रती तो न सांगता ठेवतो आणि त्यातली हवी ती परत आणायची सोयही खेळातच दिलेली. प्रत्येक अपडेटनंतर मॉड आपोआप बंद करतो तो वेगळाच. शिवाय तिथल्या लोकांना एक वाईट खोड आहे. अर्धे मॉड बाहेर काढायचे, खेळ चालवायचा. बरा चालला तर दोषी बाहेरच्या अर्ध्यात, नाहीतर आतल्या. पुन्हा त्याचे अर्धे. अशाने अकराशे फायलींतली नेमकी एक सापडायला दहा-अकरा फेऱ्या पुरतात. म्हणजे एका संध्याकाळीत कारण कळतं. कारण कळलं की रीसेटचं निमित्तच जातं.

या खेळाच्या जन्माची गोष्ट माहीत असेलच. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, त्यात या खेळाचे जनक विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना, आपल्याला खरोखर कोणती वस्तू लागते आणि का, याचा त्यांना विचार करावा लागला, आणि त्यातून माणसांच्या घरांचा हा खेळ सुचला. सन २००० मध्ये त्याचा पहिला भाग आला. ज्याचं खरंच गेलं, तो माणूस बसून मोजत होता की गेलेल्यातलं काय हवं. आपल्याला एवढा वेळ कुठला? आपण आग लावण्याआधीच फर्निचर हलवून ठेवलेलं असतं.

तर, नवं गाव. सनसेट व्हॅली पुन्हा तशीच, कोरी करकरीत. समुद्र तिथेच, खेळाने मुळातच वसवलेल्या गॉथ कुटुंबाचं घर तिथेच, त्यांचा मॉर्टिमर पुन्हा लहान मुलगा. तुमच्या पाच पिढ्यांची कोणाला गंधवार्ता नाही. सेव्ह पुन्हा अर्ध्या मिनिटात होतो, आणि तुम्ही घरातल्यांना बोलावून दाखवता, बघा, बिघाड गेला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं कोणी पुटपुटलं तर त्याला खेळातलं काही कळत नाही.

मी पहिल्याच संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावून अकराशेच्या अकराशे फायली जागच्या जागी ठेवल्या. मग शकुंतलाबाई केल्या. तेच नाक, तोच अंबाडा, स्वभावाचे तेच पाच गुण. घर बांधलं, अर्थात वाडाच. दरवाजा तोच. बाईंना अंगणातल्या झाडाला पाणी घालायला पाठवलं आणि चहा ठेवायला उठलो.

परत आलो तर भाची पडद्याकडे बघत बसलेली. वय वर्षं नऊ. "मामा, ह्या आजी आत का येत नाहीयेत?"

बाई दारासमोर उभ्या होत्या. दोन्ही हात वर.

"गाव सडलंय, बाळा," मी म्हटलं.

"ते दार काढून बघ ना."

पितळी कडी असलेला दरवाजा. सव्वा तास शोधलेला. मी तिला म्हटलं, तू तो पेन ड्राइव्ह दे इकडे.