उतरत्या आलेखाखाली वाढणारा व्हेरिएंट

रुग्णसंख्या घटत असते तेव्हाच विषाणूवर अधिक बारीक नजर ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कोविडच्या महासाथीत बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडत गेले. लाट चढत असताना चाचण्या, बैठका आणि बातम्या यांना ऊत येई; लाट ओसरली की प्रयोगशाळांकडे जाणारे नमुने कमी होत आणि आलेख खाली आला या समाधानात सगळे निर्धास्त होत. परंतु पुढचा व्हेरिएंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, पुष्कळदा त्या उतरत्या आलेखाच्या आतच वाढत असतो आणि एकूण आकड्यात तो दिसत नाही.

साधे गणित मांडून पाहू. समजा, जुन्या व्हेरिएंटचे १०,००० रुग्ण आहेत आणि नव्याचे फक्त १००. निर्बंधांमुळे आणि लोकांत तयार झालेल्या प्रतिकारशक्तीमुळे जुन्याचे १०० रुग्ण पुढच्या फेरीत ८० जणांनाच संसर्ग देतात, नव्याचे १०० मात्र १३० जणांना. पाच फेऱ्यांनंतर जुन्याचे सुमारे ३,२८० रुग्ण उरतात आणि नव्याचे ३७० होतात. एकूण संख्या १०,१०० वरून ३,६५० वर आलेली असल्याने साथ आटोक्यात आली, असेच कोणीही म्हणेल. नवव्या फेरीपर्यंत एकूण आकडा घटतच राहतो. दहाव्या फेरीत नवा व्हेरिएंट जुन्याला मागे टाकतो आणि त्याच फेरीत एकूण आकडा पहिल्यांदा वर वळतो. त्यानंतरची वाढ लोकांना अचानक उसळल्यासारखी वाटते. वास्तविक नव्या व्हेरिएंटची गती पहिल्या फेरीपासून तीच असते. एकूण आकड्याऐवजी त्याचा वाटा पाहिला असता, तर तो पाचव्या फेरीतच १ टक्क्यावरून १० टक्क्यांवर गेलेला दिसला असता.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कडक निर्बंध होते. ते असतानाही केंट परगण्यात रुग्ण वाढतच राहिले आणि त्याचे कारण शोधताना सप्टेंबरमध्येच घेतलेल्या नमुन्यांपर्यंत माग लागला. तोच पुढे अल्फा म्हणून ओळखला गेलेला व्हेरिएंट. त्याचा मागोवा घेण्यास एका योगायोगाची मोठी मदत झाली. तेव्हा वापरात असलेला एक पीसीआर संच विषाणूच्या तीन जनुकांचा शोध घेत असे. अल्फाच्या काटेरी प्रथिनातील (विषाणू ज्याच्या साहाय्याने पेशीला चिकटतो त्यातील) ६९ आणि ७० या क्रमांकांची अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, गळालेली असल्याने दोन जनुके सापडत आणि तिसरे, म्हणजे याच प्रथिनाचे एस जनुक, सापडत नसे. चाचणीतील ही उणीवच खूण ठरली. संपूर्ण जनुकीय क्रम वाचण्याची वाट न पाहता, केवळ एस जनुक न सापडलेल्या नमुन्यांचे प्रमाण मोजून हा व्हेरिएंट कुठे किती पसरला आहे, याचा अंदाज येऊ लागला. वर्षभराने ओमिक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकारालाही हीच खूण होती, पण बीए.२ मध्ये ती नव्हती. त्यामुळे अशा खुणेवर कायमचे विसंबता येत नाही. जनुकीय क्रमनिर्धारणाला पर्याय नाही.

आता व्हेरिएंट मुळात पुढे कसा जातो ते पाहू. कोविडच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. त्याची नक्कल करताना चुका होतात, त्यातील बऱ्याचशा तपासून दुरुस्त करणारी व्यवस्थाही या विषाणूकडे आहे, तरीही एका वंशशाखेत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात. यातील बहुतेक बदल निरुपयोगी असतात किंवा विषाणूलाच मारक ठरतात. विषाणूला हेतू नसतो, तो काही ठरवत नाही. ज्या प्रतींमुळे अधिक लोकांना संसर्ग होतो त्यांची संख्या वाढते, एवढेच. काही वेळा मात्र बदलांचा गठ्ठाच एकदम पुढे येतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात विषाणू कित्येक महिने टिकून राहिला, तर तिथे असे अनेक बदल साचू शकतात, आणि अल्फाचा उगम असाच झाला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. अशा रुग्णांवर वेळेत आणि पुरेसे उपचार होणे ही म्हणूनच साऱ्या समाजाच्या हिताची गोष्ट आहे.

प्रबळ होण्याचे मार्ग निरनिराळे असतात आणि कोणता मार्ग उपयोगी पडेल, हे त्या वेळच्या परिस्थितीवर ठरते. दक्षिण आफ्रिकेत २०२० च्या अखेरीस बीटा प्रबळ झाला; आधीच्या संसर्गातून मिळालेल्या प्रतिपिंडांना, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या शरीरातील प्रथिनांना, चुकवण्यात तो तरबेज होता. तरीही २०२१ च्या मध्यात डेल्टाने त्याला बाजूला सारले, कारण प्रतिपिंडांना चुकवण्यात बीटाएवढा पटाईत नसूनही डेल्टा कितीतरी अधिक वेगाने पसरत होता. पुढे लसीकरण आणि संसर्ग यांमुळे बहुतेकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, तेव्हा पारडे फिरले. काटेरी प्रथिनात तीसहून अधिक बदल घेऊन आलेल्या ओमिक्रॉनला आधी बाधित झालेल्या आणि लस घेतलेल्या लोकांमध्येही वाट मिळाली आणि डेल्टा मागे पडला. कधी केवळ प्रवाशांची वर्दळही कारण ठरते. २०२० च्या उन्हाळ्यात स्पेनमधून परतणाऱ्या पर्यटकांबरोबर विषाणूची एक शाखा युरोपभर पसरली आणि अनेक देशांत तिचा वाटा मोठा झाला, परंतु अधिक संसर्गक्षम असल्याचा ठोस पुरावा तिच्याबाबत मिळाला नाही. वाटा वाढला म्हणजे विषाणू बलवान झाला, असा निष्कर्ष म्हणूनच घाईने काढू नये.

याच्याच जोडीला एक गैरसमज फार पसरलेला आहे: विषाणू काळानुसार आपोआप सौम्य होतो. अल्फा आधीच्या विषाणूपेक्षा आणि डेल्टा अल्फापेक्षा अधिक गंभीर आजार देणारा होता. कोविडमध्ये बहुतांश संसर्ग लक्षणे दिसण्याच्या आगेमागे होतो आणि मृत्यू ओढवतो तो साधारण काही आठवड्यांनी. तोवर विषाणू पुढच्या माणसांत गेलेला असतो, त्यामुळे रुग्ण दगावल्याने त्याचे फारसे काही बिघडत नाही. ओमिक्रॉन तुलनेने सौम्य होता हे खरे, पण तो डेल्टापासून उत्पन्न झालेला नव्हता. ती स्वतंत्र शाखा होती. म्हणजे डेल्टाच क्रमाक्रमाने सौम्य होत गेला, असे मुळीच घडले नाही. ‘आता पुढचा सौम्यच असणार’ हे वाक्य जबाबदारीच्या पदावरील माणसांच्या तोंडून ऐकले की मला काळजी वाटते.

नजर ठेवायची म्हणजे किती नमुने वाचायचे? १ टक्का वाटा असलेला व्हेरिएंट किमान एकदा तरी हाती लागेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सरसकट, म्हणजे कोणताही निकष न लावता, निवडलेले सुमारे ३०० नमुने लागतात. ५० नमुन्यांवर काम भागवले, तर तो निसटण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय नमुने फक्त रुग्णालयात दाखल झालेल्यांचे असतील, तर चित्र उशिरा आणि एकांगी मिळते. चाचण्या करून घेणारेच कमी झाले असतील, तर सांडपाण्याच्या नमुन्यांतून बरीच माहिती मिळते आणि तिच्यासाठी कोणाला रुग्णालयात यावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगासमोर ठेवली. २४ तारखेला ती जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली, २६ तारखेला नामकरण झाले आणि त्याच सुमारास अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेतून व शेजारच्या देशांतून येणाऱ्या विमानांना दारे बंद केली, वास्तविक तोपर्यंत हा व्हेरिएंट इतर खंडांतही पोहोचला होता. प्रामाणिकपणे लवकर माहिती देणाऱ्या देशाला असा फटका बसत असेल, तर पुढच्या वेळी एखादे सरकार ती जाहीर करण्याआधी दहादा विचार करील. अशा देशांना नुकसानभरपाई, लस आणि औषधे यांची हमी देणारी व्यवस्था शांततेच्या काळातच ठरली पाहिजे. आणि रुग्णसंख्येचा आकडा जाहीर होईल तेव्हा त्याच्याच शेजारी, त्या आठवड्यात किती नमुन्यांचे क्रमनिर्धारण झाले, त्यांतील किती सरसकट निवडलेले होते आणि प्रत्येक व्हेरिएंटचा वाटा किती होता, हेही छापले गेले पाहिजे. रुग्ण मोजकेच असतील त्या आठवड्यांतसुद्धा.