मंगळावरून नाही, वऱ्हांड्यातून

नवतपा लागला की नागपुरात दोन गोष्टी फिरू लागतात. एक कूलर आणि दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज: 'आज रात्री साडेदहा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरणं येणार, मोबाइल बंद करा, नासाने सांगितलंय.' जुनाच माल. यंदा त्याला शेपूट फुटलंय: 'नागपूरच्या एका कॉलेजच्या डिटेक्टरनेही पकडलं, साडेदहाला काउंट दुप्पट! दोन-दोन डिटेक्टर एकाच वेळी खोटं बोलत नाहीत. शास्त्रज्ञ गप्प का?' सोबत एक आलेख. तो आलेख खरा आहे आणि आमच्याच प्रयोगशाळेतला आहे. एका विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात स्टेटसला टाकला होता. तेव्हा उत्तर देणं आमच्याकडेच आलं.

मंगळाचं लवकर उरकतो. व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरवर गेला, तेव्हाच हे प्रारण वरून येतं हे कळलं होतं. ही किरणं मुख्यतः सूर्यमालेच्या बाहेरून येतात, वातावरणाच्या वरच्या थरांत आदळतात आणि त्यातून निघालेले म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण जमिनीपर्यंत पोचतात. एका चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक. तर्री-पोह्यांची प्लेट धरलेल्या हातातूनही ते जातच असतात. यांना साडेदहाची वेळ कुणी दिली?

आता 'दुप्पट'. आमच्या डिटेक्टरमध्ये सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, दोन पाट्या एकावर एक; दोन्हींना फोटोमल्टिप्लायर, म्हणजे त्या चमकेचा विजेचा सिग्नल करणारी नळी. दोन्हींत शंभर नॅनोसेकंदांच्या आत सिग्नल आला तरच ट्रिगर, म्हणजे एक नोंद. एरवी मिनिटाला तीनशेच्या आसपास, त्या रात्री सहाशे. ऊटीला ग्रेप्स-३ या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगाची ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण आहे. २२ जून २०१५ च्या सौरवादळात तिने सुमारे दोन तासांची खरी वाढ नोंदवली, पण ती दिसायला एवढा पसारा लागला, कारण वाढ अगदी बारीक होती. शिवाय आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास हवेचा दाब दिवसातल्या दोन शिखरांपैकी एका शिखरावर असतो, आणि दाब वाढला की म्यूऑन कणभर घटतात. म्हणजे साडेदहाला काउंट किंचित कमीच हवा होता.

खरी गंमत ट्रिगरच्या वेळांत होती. लागोपाठच्या दोन ट्रिगरमधलं अंतर मांडलं तर म्यूऑनसाठी सुळक्यांशिवाय एकसारखी घसरत जाणारी वक्ररेषा यायला हवी, कारण ते एकमेकांना विचारून येत नाहीत. आमच्या आलेखात १०, २०, ३० मिलिसेकंदांवर सुळके उभे होते. पन्नास सायकलच्या विजेत सेकंदाला शंभर अर्ध्या फेऱ्या असतात, दर दहा मिलिसेकंदांनी एक. शंका तिथेच आली. मग तिसऱ्या चॅनलला नळीच न जोडता नुसती केबल लटकवून ठेवली. त्यालाही रात्री 'म्यूऑन' दिसले!

साडेदहाला काय चालू होतं, ते चौकीदारभाऊंना विचारलं. "कूलर तं मी रोजच लावतो ना जी सर, जेवण झालं की. साडेतीनला राउंडले निघालो की बंद." कूलर वऱ्हांड्यात, पण आमच्याच बोर्डावर, आणि त्याला नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. हा रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या फेरीत वीज मध्येच तोडून पुन्हा जोडतो आणि दर वेळी तारेत एक काटा सोडतो. रेग्युलेटर फुल केला की काउंट खाली, मध्यावर आणला की वर. चार वेळा करून बघितलं. भाऊ हसत होते.

'दोन डिटेक्टर खोटं बोलत नाहीत' हे ऐकायला छान आहे. पण अर्थिंग एक आणि सप्लाय एक असेल, तर दोघं एकाच वेळी एकच खोटं बोलतात. आणि कूलर नसला तरी नुसत्या योगायोगाने ट्रिगर होतात. एकेका पाटीत सेकंदाला हजार सिग्नल असतील तर मिनिटाला बाराएक खोटे जुळतात. गोंगाट पाचपट झाला की हे पंचवीसपट, म्हणजे तीनशे! खऱ्या म्यूऑनांइतकेच.

शास्त्रज्ञ गप्प? २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले. नीट न बसलेली फायबर केबल त्याच गटाला सापडली आणि त्यांनीच ते पुढच्या वर्षी जाहीर केलं. जिनिव्हाजवळच्या लेप या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात तर जवळून धावणाऱ्या टीजीव्ही या वेगवान रेल्वेच्या भटक्या विजेने कणांच्या झोताची ऊर्जा हलायची. त्यामानाने आमचा कूलर गरीबच म्हणायचा.

आता तो दुसऱ्या बोर्डावर आहे आणि रात्रीचा आकडा तीनशेवर उतरलाय. भर दुपारी, छत तापल्यावर, मिनिटाला वीसेक जास्त येतात. उष्णतेने पाट्यांचा गोंगाट वाढून ते योगायोगाने जुळलेले असावेत असा माझा अंदाज आहे. एका पाटीचा सिग्नल मुद्दाम एक मायक्रोसेकंद उशिरा सोडून बघणार आहोत: खरे म्यूऑन असतील तर जुळणार नाहीत, योगायोगाचे तेवढे उरतील.